गावठी की हॅचरीची: पहिली पिल्लं घेण्याआधी

आधी ठरवा: अंडी हवीत की वंश? घरच्या अंड्यांसाठी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची ग्रामप्रिया ही सुधारित कोंबडी घ्या. चांगल्या निगेत वर्षाला दीडशेच्या पुढे जाते. गावठी साठ-सत्तरवर थांबते. पण ती खुडूक बसते, दहा-बारा अंडी उबवून एकविसाव्या दिवशी पिल्लं काढते आणि ती स्वतः वाढवते. सुधारित कोंबडीत हा गुण जवळजवळ उरलेला नसतो.

नवखे हमखास इथेच फसतात: ग्रामप्रिया किंवा वनराजा या दुसऱ्या सुधारित जातीची अंडी गावठीखाली उबवायला ठेवतात. पिल्लं निघतात, पण ती संकराची पुढची पिढी; आईइतकी अंडी देत नाहीत, रंग-वजनही सारखं राहत नाही. सुधारित पिल्लं दरवेळी पैदास केंद्रातूनच आणावी लागतात. वंश राखायचा तर गावठीच, आणि कोंबडा दुसऱ्या वाड्यावरचा, नात्यातला नको.

'शुद्ध गावठी' म्हणून बाजारात मिळणारी रंगीत पिल्लं बहुधा हॅचरीचीच असतात. त्यापेक्षा मोठी कोंबडी, अंड्यावर बसलेली पाहूनच घ्या.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:
- हॅचरीच्या पिल्लांना पहिला आठवडा ३२ ते ३५ अंश ऊब, मग दर आठवड्याला तीन अंश कमी.
- राणीखेत रोगाची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी. गावठीलाही, ती 'काटक' म्हणून टाळू नका.
- गोव्याच्या पावसात खालचं तूस ओलं राहिलं की रक्ती हगवण ठरलेली. रोज हलवा, भिजलेलं काढून टाका.

पहिली खेप दहाचीच. चतुर्थीनंतर, पाऊस ओसरल्यावर आणा.