गुप्तांगावर पाण्याचे बारीक फोड आलेत, लघवीला आग होते. हर्पीस असेल का? मलम पुरेल का?
वर्णनावरून जननांगाचा हर्पीसच (शरीरसंबंधातून पसरणारा विषाणूचा संसर्ग) वाटतो, आणि नुसत्या मलमाने भागणार नाही, गोळ्या लागतील. घोळक्याने आलेले फोड, ते फुटून होणाऱ्या दुखऱ्या जखमा, जांघेत गाठी, पहिल्या वेळी तापही, असं त्याचं रूप असतं. फोड ताजे असतानाच त्वचा-गुप्तरोगतज्ज्ञांना दाखवा. कारण खपली धरल्यावर स्वॅबच्या (फोडातून कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्याच्या) पीसीआर तपासणीत विषाणू सापडेलच असं नाही. पहिल्या वेळी सहसा असायक्लोव्हिर ही विषाणूविरोधी गोळी ४०० मिग्रॅ दिवसातून ३ वेळा, ७ ते १० दिवस देतात. ७२ तासांत सुरू झालं तर उत्तम. मूत्रपिंडाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. मेडिकलमधून स्टेरॉइडचं मलम आणून अजिबात लावू नका. जखमा पूर्ण भरेपर्यंत संबंध टाळा. विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो, त्यामुळे फोड पुन्हा येऊ शकतात. मात्र जखम एकच आणि न दुखणारी असेल, तर आधी सिफिलिस या दुसऱ्या गुप्तरोगासाठी रक्त तपासा.