एफडी मोडू की ईएमआय घेऊ? आधी राजीनामा थांबवा

कोल्हापूरहून एका 31 वर्षांच्या वेब डेव्हलपरचं पत्र आलं आहे. लारावेलवर (वेबसाइट बनवण्याची तयार चौकट) काम करतात, हातात 42 हजार येतात, घरखर्च 34 हजार. त्यांना एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती मागवण्याची भाषा) आणि डेटाबेस पक्कं शिकायचं आहे. सहा महिन्यांचा पूर्णवेळ ऑनलाइन कोर्स पाहून ठेवला आहे: एकरकमी भरले तर 1 लाख 62 हजार, ‘नो-कॉस्ट’ ईएमआयवर 15 हजारांचे 12 हप्ते. प्रश्न एवढाच की 2 लाखांची एफडी मोडावी की ईएमआय घ्यावा?

ईएमआयचं उत्तर लगेच देतो. 12 हप्त्यांचे होतात 1 लाख 80 हजार. वरचे 18 हजार हे व्याजच आहे आणि त्याचा दर वर्षाला 20 टक्क्यांच्या आसपास पडतो. शून्य टक्के व्याज असा प्रकारच अस्तित्वात नसतो, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. शिवाय हे कर्ज कोर्सवाले देत नाहीत, वित्त कंपनी देते. दुसऱ्या महिन्यात कोर्स सोडलात तरी हप्ता सुटणार नाही.

पण तुमच्या पत्रातली मला हादरवणारी ओळ वेगळीच आहे. ‘1 डिसेंबरला राजीनामा देतोय, मेल ड्राफ्टमध्ये तयार आहे.’ हे तुम्ही विचारलेलं नाही, सहज सांगून गेला आहात. घरात पत्नी, तीन वर्षांची मुलगी आणि मधुमेही वडील, आणि शिल्लक म्हणजे ती एकच एफडी.

हिशोब मांडू. एफडी मोडून फी भरलीत तर हातात राहतात 38 हजार. घर एक महिना चालेल. ईएमआय घेतलात तर दरमहा 49 हजार लागतील, म्हणजे 2 लाख चार महिन्यांत संपतील. कोर्स मात्र सहा महिन्यांचा आहे. फेब्रुवारीत विमा पॉलिसीचा 60 हजारांचा हप्ताही आहेच, म्हणजे चार महिनेसुद्धा निघायचे नाहीत.

अजून एक. या कंपनीत तुम्हाला चार वर्षं तीन महिने झालेत आणि बेसिक 20 हजार आहे. कंपनीत दहापेक्षा जास्त माणसं आहेत, त्यामुळे ग्रॅच्युइटी (दीर्घ नोकरीबद्दल कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम) लागू आहे. ती पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते. 20 हजारांचे 15/26 (महिन्याचे 26 दिवस धरून 15 दिवसांचा पगार), गुणिले पाच वर्षं, जवळपास 58 हजार. नऊ महिने कळ काढली तर तुमचे, आता निघालात तर नाहीत. फी, सहा महिन्यांचा बुडालेला अडीच लाख पगार आणि ही ग्रॅच्युइटी धरली तर कोर्स पावणेपाच ते पाच लाखांना पडतो. बदल्यात काय? ‘12 लाखांचं पॅकेज.’ तुम्ही जोडलेल्या करारात मात्र ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ एवढाच शब्द आहे. मदत म्हणजे हमी नव्हे. फोनवरच्या मुलीने काय सांगितलं याला कागदावर काडीची किंमत नाही.

वडिलांचं तर मला फार वाटतं. त्यांचा मेडिक्लेम कंपनीचा आहे आणि तो नोकरीबरोबर जातो. नंतर नवी पॉलिसी घेतलीत तर आधीपासूनच्या मधुमेहासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून कंपनीचं कवच चालू असतानाच त्यांची स्वतंत्र पॉलिसी काढा. थांबण्याचा काळ नोकरीत असतानाच सरकत राहील.

आता ती 60 हजारांची पॉलिसी. पत्नीच्या मामांनी दिली, 20 वर्षांची, ‘शेवटी 21 लाख मिळतील’ असं सांगून. परतावा जेमतेम 5 टक्के पडतो. तेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी 20 वर्षांत साडेसव्वीस लाख होतात. पण माझा राग परताव्यावर नाही, कवचावर आहे: फक्त 6 लाख. तुम्हाला काही झालं तर 6 लाखांत घर दीड वर्ष चालेल. मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची असेल. तुमच्या वयाच्या निरोगी, निर्व्यसनी माणसाला 1 कोटीचा टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा) वर्षाला 12-14 हजारांत मिळतो. आधी तो घ्या. तो हातात आला की विमा कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (आता बंद केली तर मिळणारे पैसे) आणि पेड-अप व्हॅल्यू (पुढचे हप्ते थांबवले तर उरणारी विम्याची रक्कम) लेखी मागवा आणि फेब्रुवारीच्या आत निर्णय घ्या. मामांना वाईट वाटेल. वाटू द्या.

आणि शिकणं? ते जरूर करा, कारण तुमची तळमळ खरी आहे. ऑर्डर्सचं पान उघडायला 11 सेकंद लागत होते, सिनियरने एक इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी सोय) टाकला आणि पान झटकन उघडलं, तेव्हा लाज वाटली असं तुम्ही लिहिलंय. माझी भाची डेटाबेसचंच काम करते, तिला पत्र दाखवलं. ती म्हणाली, ‘यासाठी नोकरी कशाला सोडायची? त्याचा अभ्यासाचा डेटाबेस तर ऑफिसातच आहे.’ तिने मला लॅपटॉपवर करून दाखवलं. क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या, आधी एक्सप्लेन लिहिलं की डेटाबेस स्वतःच सांगतो, पूर्ण टेबल चाळतोय की इंडेक्स वापरतोय. लारावेलमध्ये तर पानावर 50 ऑर्डर्स असल्या आणि प्रत्येकीच्या ग्राहकाचं नाव वेगळं मागितलं, तर नकळत 51 क्वेऱ्या जातात. तुमच्या पानावर हे होतंय का, ते आधी बघा असं तिचं सांगणं आहे.

तिने सांगितलेला क्रम असा. पहिले काही दिवस एसक्यूएलबोल्ट ही वेबसाइट, ब्राउझरमध्येच धडे सोडवायचे. मग पीजीएक्सरसाइजेस, त्यात एका क्लबचे सभासद आणि बुकिंग घेऊन जॉइन (दोन टेबलं जोडून माहिती काढणं) घोटून घेतात. त्यानंतर हार्वर्डचा सीएस50 एसक्यूएल, सात भाग, साध्या क्वेऱ्यांपासून स्केलिंगपर्यंत (वाढता भार पेलणं), सुरुवात एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसने, म्हणजे सर्व्हर बसवायचीही कटकट नाही. अडलं की पोस्टग्रेस या डेटाबेसचं अधिकृत मॅन्युअल. पुढे आतली रचना समजून घ्यावीशी वाटली तर कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अँडी पाव्लो यांची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. या सगळ्याचे शिकण्याचे पैसे शून्य. एसक्यूएल ही भाषा आयबीएममध्ये 1970 च्या दशकात तयार झाली आणि तिचा पाया आजही तोच आहे. ‘लेटेस्ट अभ्यासक्रम’ म्हणून दीड लाख मागणाऱ्याला हे विचारून बघा.

रोज पहाटे एक तास, रविवारी तीन. सहा महिन्यांत सव्वादोनशे तासांच्या वर होतात. ऑफिसात सिनियरला सांगून ठेवा की मंद क्वेऱ्या आधी माझ्याकडे येऊ द्या. ऑगस्टमध्ये पाच वर्षं भरतील, तोवर तुमच्याकडे दुरुस्त केलेल्या क्वेऱ्यांची यादी असेल, आधीचे सेकंद आणि नंतरचे सेकंद. ती घेऊन नोकरी शोधा. नवी ऑफर हातात आल्यावरच जुनी सोडा.

कोर्सची सीट अडवण्यासाठी दिलेले 5 हजार लेखी परत मागा. मिळाले नाहीत तर सोडून द्या, त्यांच्यापायी पुढचे दीड लाख घालू नका. आणि तो ड्राफ्टमधला मेल आज, हे वाचून झाल्याबरोबर, डिलीट करा.