वाकड्या फांदीचं धनुष्य होतं का? आणि बाकी प्रश्न

गेल्या अंकात लाकडी धनुष्यावर थोडंसं लिहिलं होतं तर प्रश्नांचा ढीगच आला. सगळे घेणं शक्य नाही. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिलीय कारण बाकीच्यांचे निम्मे प्रश्न त्यातच सुटतात.

प्रश्न: दादा, आमच्या बांधावरची धामण गेल्या पावसात वाऱ्याने पडली. तिची एक मनगटाहून जाड फांदी पडवीत ठेवलीय, सहा फूट भरेल, पण नागमोडी आहे. सुतार म्हणता, "ह्याचा धनुष्य होवचा नाय, मशीनवर नेवन सरळ पट्टी काढूया." काय करू?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर: मशीनवर अजिबात नेऊ नका. सुताराचं चुकतं असं नाही हो, त्याला दारं-खिडक्या करायच्या असतात, तिथे सरळ लागतंच. पण धनुष्य वाकतं, आणि वाकणाऱ्या वस्तूचा हिशोब वेगळा. फांदी जशी वळते तसे तिच्यातले धागे पण वळत जातात, तुम्ही करवतीने सरळ पट्टी काढली की वळणाच्या जागी ते धागे मधेच कापले जाऊन पट्टीच्या बाहेर निघतात. धनुष्य ओढलं की तुमच्यापासून लांबची बाजू म्हणजे पाठ ती ताणली जाते, तुमच्याकडची बाजू म्हणजे पोट ते दाबलं जातं. पाठीवर धागा तुटलेला असला की तिथूनच चीर उठते आणि मग काडकन. म्हणून वाकडी फांदी वाकडीच ठेवायची. दिसायला साप दिसला तरी चालेल, धनुष्याचे दोन्ही हात (म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा भाग) सारखे वाकले पाहिजेत एवढंच बघायचं.

आणि धामण मिळालीय म्हणजे लॉटरीच की! चिवट आणि लवचिक लाकूड, अवजारांच्या दांड्यांना आणि धनुष्याला पूर्वीपासून वापरतात.

आता कसं करायचं. फांदी तीन इंचाच्या वर जाड असेल तर पाचर ठोकून उभी फोडा, करवत नको, पाचर आपोआप धाग्याच्या वाटेने जाते. त्याहून बारीक असेल तर फोडू नका, एका बाजूने कोयत्याने नाहीतर वाकसाने अर्धी तासून टाका. चांगली बाजू म्हणजे कमी गाठीची, तिची साल काढायची आणि सालीखाली जो गुळगुळीत पृष्ठभाग येतो तीच तुमची पाठ. तिला परत हत्यार लावायचं नाही, कानस पण नाही, फार तर शेवटी पॉलिश पेपर. जी काही तासातासी करायची ती पोटाकडून आणि कडांनी.

मग पेन्सिलने पाठीवर मधली रेघ मारा. पट्टी लावून नाही, धाग्यांच्या मागे मागे, ते डावीकडे गेले तर तुम्ही पण डावीकडे. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखी रुंदी, मुठीच्या पुढे साधारण दीड-पावणेदोन इंच आणि टोकाला अर्धा. लांबी तुमचा ओढ (म्हणजे दोरी मुठीपासून किती मागे खेचता ते अंतर) २८ इंच धरला तर साडेपाच फुटाच्या खाली जाऊ नका, वाकड्या लाकडाला तर दोन-तीन इंच जास्तच द्या.

एकच गोष्ट सरळ लागते ती म्हणजे दोरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणून बघा, ती मुठीच्या मधून गेली पाहिजे. मधे लाकडाने कितीही वळणं घेऊ देत, सुतळी मुठीच्या बाहेर जात असेल तर मात्र धनुष्य हातात पीळ खाणार. त्याला वाफ. उकळत्या हंड्यावर तेवढाच भाग धरायचा, वाफ निसटू नये म्हणून वरून फॉइल गुंडाळायचा, एक इंच जाडीला साधारण तासभर धरा. मग पटकन फळीवर खुंट्यांमधे अडकवून हव्या त्या बाजूला ढकलून ठेवायचं आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय, किंवा खरं तर दोनचार दिवस, हलवायचं नाही.

यानंतर खरं काम, म्हणजे वाक बसवणं, दोन्ही हात सारखे वाकेपर्यंत थोडं थोडं खरवडत जाणं. भिंतीला खुंटी, तिच्यावर मूठ, खाली गिरकी (कप्पी), दोरी ओढायला माशाच्या वजनाचा हुकवाला काटा, झालं सेटिंग. आधी थोडंसंच ओढा. जिथे ताठ राहतंय तिथे पोटाकडून खरवडा, जिथे जास्त वाकतंय तिथे पेन्सिलने फुली मारून तिथे हातच लावू नका. खरवडायला फुटकी काच उत्तम. दर वेळी खरवडल्यावर वीस-तीस वेळा हळूहळू ओढून सोडायचं (दोरी हातातून सोडून देऊ नका हं, हाताने परत आणायची) कारण लाकडाला बदल कळायला वेळ लागतो. आणि शेवटी धनुष्याचं जेवढं वजन (म्हणजे पूर्ण ओढायला लागणारा जोर) हवंय त्याच्यावर काटा एकदाही जाऊ द्यायचा नाही, समजा १५ किलोचं करायचंय तर १५ च्या पुढे कधीच नाही, मग ओढ दहा इंचच झालेला असला तरी थांबायचं आणि खरवडायचं.

इथे घाई नडते त्याचं कारण गणितात आहे. रुंदी १० टक्के कमी केली तर ताकद १० टक्केच जाते, पण जाडी १० टक्के कमी केली तर जवळजवळ २७ टक्के जाते. जाडी निम्मी केली तर आठवा हिस्सा उरतो. म्हणून शेवटी शेवटी रंधा ठेवून द्या.

नागमोडी लाकडाचा वाक डोळ्याने बघायला अवघड जातो, ते आधीच वाकडं असतं ना. त्याला सोपा उपाय, न ओढलेल्या धनुष्याची आकृती पुठ्ठ्यावर पेन्सिलने काढून घ्या आणि त्याच्याशी ताडून बघा, किंवा दोरी काढल्यावर कुठला भाग परत न जाता वाक धरून बसला ते बघा. तिथे काम जास्त पडतंय, म्हणजे बाकीचं खरवडायचं.

प्रश्न: बरोब्बर मधे गाठ आलीय, पोखरून काढून भुसा-फेविकॉल भरू का?
– दापोली

उत्तर: गाठ घट्ट असेल तर काढू नका. धागे गाठीला वळसा घालून जातात, तुम्ही पण घाला, म्हणजे तिथे कडेला थोडी रुंदी जास्त आणि जाडीला हलकासा उंचवटा ठेवा. इंग्लंडचं मेरी रोझ जहाज १५४५ ला बुडालं, १९८२ ला समुद्रातून वर काढलं, त्यात शंभराच्या वर लाकडी धनुष्यं मिळाली, त्यांच्यातही गाठींपाशी असंच लाकूड राखलेलं आहे. गाठ कुजकी असेल तर खरवडून साफ करा आणि भोक धरूनच चाला, दोन्ही बाजूंनी पुरेसं लाकूड जाईल इतकी रुंदी ठेवा. भुसा-फेविकॉलने दिसायला बरं होईल, ताकद येत नाही.

प्रश्न: आमच्याकडे वारली पाड्यावर बांबूचा कामठा (धनुष्य) करतात. बांबूची कुठली बाजू बाहेर?
– एक शिक्षिका, डहाणू

उत्तर: ताई, हिरवी चकचकीत बाजू बाहेर, म्हणजे पाठीला. बांबूचे दाट धागे सगळे सालीलगत असतात आणि आत भुसभुशीत होत जातं. त्यामुळे साल तासायची नाही, पेरं पण बाहेरून उंच असली तरी तशीच राहू द्यायची, जे काढायचं ते आतून. कोवळा नको, तीन वर्षांच्या वरचा घ्या, पावसाळा संपल्यावर तोडलेला, नाहीतर भुंगा पीठ करून टाकतो. पण खरं सांगू का, पाड्यावर जे म्हातारे करतात त्यांच्याजवळ पोरांना नेऊन बसवा, मी इथे चार ओळीत जे लिहिलंय ते त्यांच्या हाताला कधीच माहीत आहे.

प्रश्न: लाकूड किती सुकवायचं? आमच्याकडे पावसात तर मीठ पण पाणी होतं.
– मालवण

उत्तर: महिने मोजू नका, वजन मोजा. फोडून, साल काढून, दोन्ही टोकांना ऑइलपेंट नाहीतर फेविकॉल फासून (टोकातून पाणी लवकर जातं आणि चिरा पडतात) माळ्यावर चुलीच्या वरच्या अंगाला आडवं ठेवा. उन्हात नको. दर आठवड्याला वजन करून तारीख टाकून लिहून ठेवा, दोनतीन आठवडे आकडा हलला नाही म्हणजे हवेइतकं सुकलं. पण आपल्याकडे जुलैतली हवाच ओली, त्या दिवसात स्थिर झालेलं लाकूड पण ओलंच असतं, त्याचं धनुष्य ओढल्यावर वाक धरतं. वाक बसवायचं काम जानेवारी ते मे मधे उरका.

प्रश्न: धनुष्याने डुक्कर मारलं तर चालतं का? शेतीचं फार नुकसान करतात.
– संगमेश्वर

उत्तर: नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा बंदूक की बाण बघत नाही. नुकसानीचा अर्ज वनखात्याकडे करा. बाण पेंढ्याच्या भाऱ्यावर मारा, मागे मातीचा बांध असेल अशा जागी.

प्रश्न: तयार धनुष्याला खोबरेल लावलं तर चालेल?
– अलिबाग

उत्तर: खोबरेल सुकत नाही, चिकट राहतं आणि धूळ धरतं. जवसाचं तेल पातळ हाताने दोनतीनदा लावा, मधे नीट सुकू द्या, नाहीतर सरळ वार्निश. आणि वापरून झालं की दोरी उतरवून दोन खुंट्यांवर आडवं ठेवा, कोपऱ्यात उभं टेकवू नका.