शाळेत लॅब असिस्टंट म्हणून रुजू होतोय. हार्डवेअर येतं, आणखी काय यायला हवं?

तुम्ही लिहिलंय की माध्यमिक शाळा आहे, लॅबमध्ये २० जुने संगणक, दोन वर्गांत इंटरॅक्टिव्ह पॅनेल, आणि तुमचा हार्डवेअरचा डिप्लोमा झालाय. तो उपयोगी पडेलच. पण शाळेतले बरेचसे बिघाड वीज, धूळ आणि हरवलेले पासवर्ड यांच्यामुळे होतात, म्हणून पहिल्या दिवशी स्क्रूड्रायव्हरच्या आधी मल्टिमीटर काढा.

लॅबमधलं प्रत्येक सॉकेट मोजा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. न्यूट्रल-अर्थ वीस-तीस दाखवत असेल तर अर्थिंग गेलंय किंवा न्यूट्रल ढिली आहे. अर्थिंग तुटलं की एसएमपीएसच्या (संगणकाच्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे कॅबिनेटवर शंभरेक व्होल्ट येऊन बसतात. करंट अगदी थोडा असतो, पण हात लागला की चटका जाणवतो, आणि आपल्याकडे लॅबमध्ये मुलं चपला बाहेर काढून येतात. वायरमन अर्थिंग दुरुस्त करीपर्यंत लॅब बंद ठेवायची, मग मुख्याध्यापक कितीही घाई करोत.

त्यानंतर यूपीएस. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी असते. उन्हाळी सुट्टीत ती चार्जिंगविना पडून राहते, प्लेटांवर सल्फेट धरतं आणि जूनमध्ये सगळे यूपीएस एकदम किंचाळायला लागतात. बॅटरी रात्रभर चार्ज करा, काढून दोन-तीन तास तशीच ठेवा आणि मोजा. १२.६ च्या वर असेल तर ठीक. मग परत बसवून यूपीएसवर एका संगणकाचा लोड देऊन पाहा. मिनिटभरातच १०.५ च्या खाली घसरली तर बॅटरी बदला. दुकानदार अख्खा यूपीएस गळ्यात मारायला बघेल, तिकडे लक्ष देऊ नका. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीच लावू नका. फ्यूझर तापताना तो इतका करंट ओढतो की यूपीएस ट्रिप होतो.

हमखास येणारी तक्रार: ‘सर, नेट चालू आहे पण साइट उघडत नाही.’ आधी घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि ब्राउझर सर्टिफिकेट चुकीचं म्हणून साइट अडवतो. नवा सेल ३ व्होल्टचा असतो. २.७ च्या खाली गेला की बदला, पाच-सहा सेल कपाटात ठेवाच. पावसाळ्यात डिस्प्ले येत नसेल तर रॅम काढून तिचे पिवळे पाय खोडरबराने घासा. अख्ख्या लॅबचं नेट एकदम गेलं तर स्विचपाशी जा. लोंबणारी केबल कोणीतरी ‘व्यवस्थित’ करायला त्याच स्विचमध्ये परत खोचलेली असते. साध्या स्विचला हा लूप ओळखता येत नाही, सगळं नेटवर्क तुंबतं.

पॅनेलवर आपोआप रेघा उमटतात तेव्हा शिक्षक टचस्क्रीन बिघडला म्हणतात. बहुतेक पॅनेलांत चौकटीत इन्फ्रारेड सेन्सर असतात. खालच्या कडेवर खडूची धूळ साचली किंवा खिडकीतून थेट ऊन पडलं की त्यांना बोट असल्याचा भास होतो. कोरड्या मऊ कापडाने चौकट पुसा, पडदा ओढा. त्याच वर्गात खडूचा फळाही असेल तर हे दर आठवड्याला करावं लागेल.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर असलेले बहुतेक संगणक विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. त्यांना २४० जीबीचा एसएसडी आणि ८ जीबी रॅम देऊन लिनक्स मिंट टाका, मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच. एक मशीन नीट तयार करून क्लोनझिलाने (डिस्कची हुबेहूब प्रत काढणारं सॉफ्टवेअर) बाकीच्यांवर उतरवा.

आता पोर्टलं. यूडायस प्लस आणि सरल (शाळेची व विद्यार्थ्यांची माहिती), शालार्थ (पगार) ही कामं हळूहळू तुमच्याकडे सरकतील. तांत्रिक अडचण जरूर सोडवा, पण माहिती भरण्याची जबाबदारी लेखी आदेशाशिवाय घेऊ नका. लॉगिनला मुख्याध्यापकांचा वैयक्तिक नंबर जोडलेला असेल तर त्यांची बदली किंवा निवृत्ती झाल्यावर ओटीपी कुठे जाणार? शाळेच्या नावाचं वेगळं सिम घ्यायला लावा. ‘आधारप्रमाणे स्पेलिंग करून द्या’ म्हणून पालक आले तर पोर्टलला हात लावण्याआधी जनरल रजिस्टर (प्रवेशाची मूळ नोंदवही) बघा. नोंद त्यातच चुकलेली असेल तर ते प्रकरण शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीचं आहे, तुमचं नाही.

प्रत्येक संगणकावर पेंटने नंबर टाका आणि तोच डेडस्टॉक रजिस्टरशी (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही) जुळवा. रुजू होतानाच जुळवणी करून मुख्याध्यापकांची सही घ्या, नाहीतर आधीच गायब झालेली रॅम तुमच्या नावावर चढेल. बंद पडलेला मॉनिटरसुद्धा निर्लेखन (रजिस्टरमधून अधिकृतपणे कमी करणं) झाल्याशिवाय शाळेबाहेर जाता कामा नये, आणि नंतरही तो भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला द्यायचा.

मे महिन्यात कुलूप लावण्याआधी सगळे प्लग काढा आणि ब्रॉडबँडची तारही सोडवा. वळवाच्या विजांनी राउटर आणि लॅन पोर्ट बहुधा त्या तारेतूनच जळतात. किल्ली शिपाईमामांकडे द्या आणि आभाळ स्वच्छ असेल अशा दिवशी, दर पंधरा दिवसांनी, सहा-आठ तास फक्त यूपीएस चार्जिंगला लावायला सांगा.