अस्वलं बोटीतून बघायचीत, पण कुठे आणि कधी?

प्रश्न: जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही व्हँकुव्हरला नणंदेकडे जातोय, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई सोबत आहेत, सासूबाईंना कंबरेचा त्रास आहे. मुलाला नदीत सॅमन पकडणारं अस्वल बोटीतून बघायचंय. तीन-चार दिवस मोकळे आहेत. कुठली ट्रिप घ्यावी? आणि लहान मूल घेऊन जाणं सेफ आहे का?

उत्तर: ताई, आधी मुलाला एक गोष्ट सांगून ठेवा, जूनमध्ये कॅनडाच्या त्या पश्चिम किनाऱ्यावर सॅमनवाला सीन दिसणार नाही. सॅमन नदीत चढतात ते साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, तेव्हा नाइट इनलेट नावाच्या खाडीत ग्रिझली, म्हणजे मोठी तपकिरी अस्वलं, बघायला लोक जातात. त्यामुळे तारीख ठरलेली असेल तर आधी जागा नका शोधू, त्या दिवसांत अस्वल काय खातंय ते बघा, अस्वल तिथेच भेटतं.

जूनमध्ये दोन पर्याय. एक म्हणजे पार उत्तरेकडच्या प्रिन्स रूपर्ट शहराजवळचं खुट्झेमटीन, १९९४ साली खास ग्रिझलींसाठी राखलेलं अभयारण्य. तिथे वसंतात खाडीच्या तोंडाशी लव्हाळ्यासारखं सेज गवत उगवतं आणि ग्रिझली अक्षरशः गाईसारख्या चरत असतात, बघायचं ते बोटीतूनच. जागा अप्रतिम आहे पण व्हँकुव्हरहून विमानाने जायचं, वर हवामान बिघडलं तर दिवस गेला, म्हणून तुमच्या तीन-चार दिवसांत मी ते बसवणार नाही.

तुमच्यासाठी टोफिनो, व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गाव. फेरीने नानायमो, तिथून पुढे साधारण तीन तास गाडी, म्हणजे जायला एक दिवस धराच. इथे ग्रिझली नाहीत, काळी अस्वलं आहेत, पण मुलाला जे दिसेल ना ते सॅमनपेक्षा कमी नाही. ओहोटी लागली की अस्वल जंगलातून खाली किनाऱ्यावर येतं, पुढचा पंजा दगडाखाली घालून दगड असा सहज उलटवतं, खालून छोटे खेकडे सैरावैरा पळतात आणि ते जिभेने टिपत बसतं, मग पुढचा दगड. बोट इंजिन बंद करून थोड्या अंतरावर तरंगत असते, कधीकधी दगड आपटल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो.

म्हणून बुकिंग करताना आधी ओहोटीची वेळ बघा, ती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त खाली जातं, किनारा जास्त उघडा पडतो, तसा दिवस मिळाला तर सोडू नका, मग पहाटे उठायला लागलं तरी चालेल. चांगले बोटवाले ट्रिपची वेळच भरती-ओहोटी बघून लावतात. कुणी रोज ठरलेल्या एकाच वेळेला नेत असेल तर मी दुसरा बघेन.

झोडियाक अजिबात नको, उघडी रबरी बोट, लाटेवर आपटत जाते, सासूबाईंची कंबर जाईल. बंद केबिनची मोठी बोट घ्या आणि आत टॉयलेट आहे का ते आधी विचारून घ्या. दुर्बीण ८ पटीची पुरे, १० पटीची हलत्या बोटीत नुसती थरथरते. जून असला तरी पाण्यावर वारा बोचरा असतो, टोपी आणि वारा अडवणारं जॅकेट सगळ्यांना हवंच.

सेफ्टीचं म्हणाल तर अस्वलाला पोहता येतं पण त्याच्या आणि तुमच्यामध्ये पाणी असतं, अंतर राखणं कप्तानाचं काम. मुलाचं काम इतकंच की लाइफ जॅकेट घालून ठेवायचं, ओरडायचं नाही आणि बोटीतून खाऊचा एक तुकडाही बाहेर टाकायचा नाही, कारण माणसाकडून खायला मिळतं हे अस्वलाला एकदा कळलं की ते वस्तीकडे यायला लागतं आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं. हे मुलाला नीट समजावून सांगा, नऊ वर्षांच्या मुलाला कळतं.

आणि टोफिनोत एक नाही, दोन रात्री राहा, धुकं किंवा वाऱ्यामुळे ट्रिप रद्द झाली तर दुसऱ्या दिवशीची ओहोटी तरी हातात राहील.