पहिल्यांदाच घरी वाचनकट्टा भरवतेयस ना?

आधी एक सांगते, आठ-नऊ जणांपुढे जाऊ नकोस. त्यापुढे दोन घोळके होतात, आणि एक हमखास स्वयंपाकघरात जमतो.

खाण्यासाठी अख्खं पुस्तक ताटात उतरवायची गरज नाही. कथेतला एकच पदार्थ निवड. आमच्या म्हापशाच्या कट्ट्यावर गोव्यातली गोष्ट असली की ओल्या काजूंची उसळ आणि पाव, बस्स. फक्त रस अंगाबरोबर ठेव. पातळ उसळीचे डाग मी ग्रंथालयाच्या प्रतीवर पाडलेत आणि भरपाईही केलीय.

पेयाचं मात्र नीट ऐक. मार्च ते मे हुर्राक मिळते. ती काजूच्या बोंडांच्या रसाची, एकदाच गाळलेली दारू, फेणीपेक्षा सौम्य. लिंबू-सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची, एवढ्यावर काम भागतं. एरवी फेणी. ती साधारण ४२ टक्क्यांची असते, म्हणून ग्लासात ३० मिली मोजूनच घाल, अंदाजाने नाही. वर दोन चमचे कोकमाचं आगळ, थोडी साखर, थंड सोडा. आगळात मीठ आधीच असतं! मी वरून चिमूटभर घातलं होतं. सगळ्यांनी सभ्यपणे एकेक घोट घेऊन ग्लास खाली ठेवले. न पिणाऱ्यांना तेच सरबत फेणीशिवाय, पण ग्लास सारखेच हवेत.

आणि पहिला ग्लास चर्चेच्या तासाभरानंतर. आधी दिलास तर पुस्तक राहतं बाजूला, जागांचे भाव सुरू होतात.