शाळेतलं दूध आणि वजनकाटा

प्रश्न : १९३० साली स्कॉटलंडमधल्या शाळांत २०,००० मुलांवर दुधाचा प्रयोग झाला, पण तो सदोष मानतात. एवढी मुलं असताना चूक कशी झाली? आणि आमच्या शाळेत वजन घेताना त्यातून काय घ्यावं?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : हा लॅनार्कशायरचा प्रयोग. ६७ शाळा, फेब्रुवारी ते जून. १०,००० मुलांना रोज पाऊण पाइंट, म्हणजे साधारण ४२५ मिलिलिटर दूध. निम्म्यांना कच्चं, निम्म्यांना पाश्चराइज्ड. उरलेल्या १०,००० मुलांना दूध नाही, तुलनेसाठी फक्त उंची-वजनाची नोंद.

मुलं निवडली चिठ्ठ्या टाकून किंवा नावांच्या वर्णक्रमाने. पण एखाद्या गटात धष्टपुष्ट किंवा हडकुळी मुलं जास्त वाटली, तर अदलाबदलीची मुभा होती. घोटाळा झाला तो इथे. समोर उपाशी पोर असताना शिक्षकांचा हात त्याच्याकडेच वळणार, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ती मुभा ठेवायलाच नको होती. परिणामी बिनदुधाची मुलं सुरुवातीलाच वजनात सुमारे ३ आणि उंचीत ४ महिन्यांच्या वाढीइतकी पुढे होती.

‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे संख्याशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांनी १९३१ साली हे दाखवून दिलं. त्यांनी कपड्यांवरही बोट ठेवलं. वजन अंगावरच्या कपड्यांसकट घेतलं होतं, फक्त बूट काढून. फेब्रुवारीत सुस्थितीतल्या मुलांच्या अंगावर जाड लोकर, जूनमध्ये हलके कपडे; गरीब मुलांचे कपडे दोन्ही वेळा जवळपास तेच. म्हणजे बिनदुधाच्या गटाची वाढ काट्यावर कमी दिसली आणि दुधाचा गुण फुगला. एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घेतल्या असत्या, तर थोड्या खर्चात जास्त भरवशाचं उत्तर मिळालं असतं, असं त्यांचं म्हणणं.

दूध निरुपयोगी ठरलं, असा मात्र याचा अर्थ नाही. लंडनजवळच्या एका मुलांच्या वसतिगृहातला डॉक्टर कॉरी मान यांचा अहवाल १९२६ सालचा : नेहमीच्या जेवणावर वर्षभरात सरासरी ३.८५ पौंड वाढ, रोज एक पाइंट जादा दूध मिळालेल्यांची ६.९८ पौंड. ऑक्टोबर १९३४ पासून ब्रिटनमधल्या शाळांत एक तृतीयांश पाइंटची बाटली अर्ध्या पेनीत मिळू लागली.

तुमच्या शाळेत काटा कडक, सपाट फरशीवर ठेवा; सतरंजीवर आकडा चुकतो. दर वेळी आधी शून्य बघा, मग माहीत असलेलं वजन ठेवून काटा तपासा. स्वेटर, चपला, खिशातलं सामान काढा. जुलैत मधल्या सुट्टीपूर्वी वजन घेतलंत, तर जानेवारीतही त्याच वेळी घ्या. आणि पूरक आहार कोणाला हे चिठ्ठ्यांनी ठरवून तुलना करू नका. गरज असेल त्या प्रत्येक मुलाला तो द्या.